नेट खराब नव्हतं, सुजाता

सुजाता, परवा नांदेडहून परतले तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकत नाही. लॅपटॉप उघडते, दोन क्लेम बघते, उठते. गच्चीवर जाऊन वाळत घातलेले कपडे उगाच उलटे करते, खाली येते, पाणी पिते, परत उठते. तुझ्या जलदानविधीला जाऊन आले, तुझ्या फोटोला फूल वाहून आले, तरी डोकं म्हणतंय की तू दुपारी डब्याला भेटशील. लोक गेलेल्या माणसाबद्दल चांगलं चांगलं लिहितात. मला आधी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट टाकून जायचा तुला काही एक अधिकार नव्हता.

आपली गाठ घालून दिली ती तुटलेल्या केबलनं. लातुरात आमच्या भागातला रस्ता खोदताना कुणीतरी केबल तोडली आणि अख्ख्या वस्तीचं नेट गेलं. पुण्याच्या कंपनीसाठी मी घरी बसून विम्याचे क्लेम तपासते. त्या दिवशी दुपारपर्यंत काम गेलं नसतं तर मॅनेजरनं फोन करकरून जीव खाल्ला असता. म्हणून लॅपटॉप पोटाशी धरून मी रेंज शोधत औसा रोडनं चालले होते. मंगल कार्यालयाच्या पायरीवर तू बसलेली. सुती साडी, पायात बूट, मांडीवर लॅपटॉप, आणि बोटं अशी चाललेली की बघत राहावं. मी थबकले, तर मान वर न करता म्हणालीस, "बस की. इथं नेट लई भारी हाय. लगीन लाइव्ह दाखवतेत ना, म्हनून घेऊन ठेवलंय." ओळख ना पाळख. मी बसले.

थोड्या वेळानं कार्यालयाचे मालक गोविंदअण्णा बाहेर आले आणि आपल्याला बघून कपाळाला हात लावला. "बायांनो, मंगल कार्यालयाच्या पायरीवर अशा तोंड पाडून बसू नका. येनारा-जानारा म्हनंल, हितं लगीन मोडलं. आत बसा." असं म्हणून त्यांनी वधूपक्षाची खोली उघडून दिली. भिंतभर आरसा, आरशाच्या कडेला कुठल्या कुठल्या नवऱ्या मुलींनी चिकटवून ठेवलेल्या टिकल्या, फरशीवर हळदीचे डाग, आणि पार्लरवाल्यांच्या यंत्रांसाठी जागोजाग प्लग. तू चौफेर बघितलंस आणि म्हणालीस, "अर्चे, हे तर ऑफिसच हाय." माझं नाव सांगून पाच मिनिटं झाली नसतील, आणि तू ते मोडूनही टाकलं होतंस.

तुझी गोष्ट मला त्याच दिवशी कळली, कारण तू काही पोटात ठेवत नव्हतीस. घर नांदेडला, मिस्टर तिथं नोकरीत. लेकीला डॉक्टर व्हायचं, म्हणून तिच्या क्लाससाठी तू लातुरात खोली घेऊन राहिलेली. ऋतुजा अभ्यासाला बसली की त्या एका खोलीत खाकरायचीही चोरी. आणि तुझं काम गिऱ्हाइकांशी चॅटवर बोलायचं. "दिसभर लोकान्ला इचारते, मी आपली काय मदत करू. टाइप करून करून. तोंडातून एक शब्द न्हाई निघत. संध्याकाळी भाजीवालीशी बोलाय गेलं की आवाजच फुटत न्हाई." हे तू हसत हसत सांगितलंस. माझंही तेच चाललं होतं आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

लग्न होऊन लातूरला आले तेव्हा कंपनीनं घरून काम करू दिलं, तर सगळ्यांना केवढा आनंद झाला होता! नोकरीही राहिली, सूनही घरात राहिली. मीही पेढे वाटले. मग हळूहळू आंघोळ दुपारवर गेली. मग केस विंचरायचे राहिले. बेडरूमचं दार लावून बसायचं, कारण मीटिंगमध्ये आवाज नको. बाहेर सासूबाई मिक्सर लावायच्या थांबत, पाहुण्यांना दारातूनच हळू बोला म्हणून खुणावत. घरात माणसं होती आणि मी कुलूप लावल्यासारखी. दारावरची बेल वाजली की छातीत धडधडायचं. एखाद्या अनोळखी पेशंटचे कागद तपासताना रडू यायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, सगळं नॉर्मल म्हणाले. प्रशांत म्हणाला, "घरीच तर असतेस, ताण कशाचा?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माझ्या नवऱ्याला खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

केबल जोडली गेली, तरी दुसऱ्या दिवशी मी घरी म्हणाले, "नेट अजून नीट नाही," आणि निघाले. तिसऱ्या दिवशीही तेच. ती थाप पुढे दोन वर्षं चालली.

तू त्या खोलीचं काय केलंस हे आता एकटीनं आठवताना नीट दिसतं. अण्णांशी ठरवलंस की वीजबिलाचं आपण बघू, आणि लग्न असेल त्या दिवशी आपण कोठीघरात, मोठमोठ्या पातेल्यांच्या शेजारी बसू. मग उदगीरचा इरफान आला, तो हैदराबादच्या एका बिल्डरसाठी घरांचे नकाशे काढतो. अजून एक-दोघं येऊन-जाऊन. आणि तुझे ते कायदे! डबा आरशासमोर सगळ्यांनी मिळून खायचा, हेडफोन गळ्यात. आणि सकाळी आल्यावर प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं, कामाचं सोडून काहीही. मला ह्या कायद्याची चीड होती. मी मुद्दाम "आज भाजी खारट झाली" असलं काहीतरी टाकून मोकळी व्हायचे. तू म्हणायचीस, "चालंल. उद्या कमी मीठ घाल."

आणि एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, "मला रात्री झोपताना छातीत धडधडतं, वाटतं की आता मरते." म्हटलं, झालं, आता सगळे माझ्याकडे बघणार. इरफान नकाशातून मान वर न काढता म्हणाला, "मेरेकू भी होता." बस. तू काही उपदेश केला नाहीस, माझ्या डब्याच्या झाकणात तुझी शेंगदाण्याची चटणी वाढलीस आणि कामाला लागलीस. त्या संध्याकाळी घरी जाताना मला भूक लागली होती. साधी भूक, सुजाता. कितीतरी महिन्यांनी.

पुढे तूच मला मनाच्या डॉक्टरकडे नेलंस. "ही खोली काय दवाखाना न्हाई," असं खडसावून. मी आत होते तोवर तू बाहेरच्या बाकावर बसून कुणा परमुलखातल्या गिऱ्हाइकाला काय मदत करू विचारत होतीस. बाहेर आले तर म्हणालीस, "काय म्हनला? खुळी न्हाईस ना? चल मग, चहा पाज." डॉक्टरांनी माझं जे सगळं लिहून घेतलं, त्यात रोज अंग धुऊन, साडी नेसून, चार माणसांत जाऊन बसणं हेही होतं. मी म्हटलं, ते चालू आहे.

त्या नवरीची आठवण येते का गं तुला? असं विचारू नये, पण विचारते. लग्नाचे दिवस आधी कळावेत म्हणून मुहूर्त बघायचं काम माझ्याकडे होतं, कारण तू हात झटकले होतेस. "आमच्यात मुहूर्त-बिहूर्त न्हाई बघत. रविवार बघतो, हॉल रिकामा बघतो, उरकतो. तुमच्या मुहूर्तापायी माझी शिफ्ट बुडून राहिली." आणि नेमकी मीच एक तिथी बघायची विसरले. सकाळी आपण लॅपटॉप घेऊन वधूपक्षाच्या खोलीत शिरलो, तर आत नवरी! मेंदी, मळवट, आणि डोळ्यांतून धारा. कोठीघरात पाय ठेवायला जागा नव्हती, तुझी शिफ्ट सुरू झालेली, आणि माझ्याकडे नेमके त्याच दिवशी तातडीचे क्लेम. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. तू सरळ कोपऱ्यात प्लगशेजारी बसलीस. एका हातानं टाइप करायचीस आणि दुसरा हात नवरीनं घट्ट धरून ठेवलेला, कारण खोलीत तिला लिपस्टिक बिघडेल म्हणून न रागावणारी तू एकटीच होतीस. तिची आई आली, आपल्याकडे बघून म्हणाली, "पोरीच्या ऑफिसातल्या काय?" तू मान डोलावलीस, "हाव." मग काय, आपल्या दोघींना हळदीकुंकू, ओटी, आणि पंगतीत आग्रहाचे बुंदीचे लाडू. बाहेर मंगलाष्टकं चालू झाली ती माझ्या पुण्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी ऐकली. मॅनेजर म्हणाला, अभिनंदन. इतकं हसलो आपण त्या दिवशी की इरफानला ठसका लागला.

आता भांडण. तुझं एकच टुमणं होतं, "घरी खरं सांग. सांग की नेटसाठी न्हाई, माणसासाठी जाते म्हनून." मी म्हणायचे, तुला सगळं सांगून टाकायची सवय आहे, तुझं बरं आहे. आमच्या घरात ह्याला कुणी आजार म्हणत नाहीत, नखरे म्हणतात. सुखात लोळतेय आणि वर एकटं वाटतंय म्हणे! एकदा चिडून मी "आमच्यात असं बोलत नाहीत" म्हणाले, तर तू ताडकन उलटलीस, "आमच्यात तुमच्यात काय लावून राहिलीस? धडधडीला जात असती काय गं?" इरफाननं कानात हेडफोन घातले. तुझं म्हणणं, घरच्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. माझं म्हणणं, माझ्या घरच्यांना सांगितलं तरी कळणार नाही, उलट असलेलं दारही बंद होईल. हा वाद आपण डब्यावर घातला, चहावर घातला, बसस्टँडवर तुला नांदेडची गाडी लागली होती तेव्हाही घातला.

ऋतुजाची परीक्षा संपली आणि तू सामान बांधलंस. जाणारच होतीस, मला काय माहीत नव्हतं? तरी मी फुगले. तू म्हणालीस, "आता तू चालव," आणि मी म्हटलं, बघू. गाडी हलली तेव्हा खिडकीतून ओरडलीस, "घरी सांग!" आसपासची माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी कुणाबरोबर पळून निघालेय.

त्यानंतर फोनवर विचारलं की तू नुसतं "चालू हाय गं" म्हणायचीस. मला वाटायचं, पुन्हा घरात कोंडली गेली असेल. मिस्टर ऑफिसात, लेक आपल्या मार्गाला, आणि ही भिंतीकडे तोंड करून टाइप करत असेल. मला हे रोज वाटायचं आणि मी रोज ठरवायचे की रविवारी नांदेडला जाऊन येते. मग इरफानचा फोन आला. सकाळी चहा टाकताना तुझ्या छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही तू पोचली नाहीस. तुझी छाती, सुजाता. धडधडीची तक्रार माझी होती.

नंतर खोलीवर कुणी गेलंच नाही. मी घरी बसले. प्रशांतनं मला गप्प बघून, माझ्या सुखासाठी म्हणून, नवं कनेक्शन घेतलं, बेडरूममध्ये टेबल आणून ठेवलं. "आता उन्हातान्हात जायला नको," म्हणाला. इतक्या प्रेमानं त्यानं माझी सबब काढून घेतली! मी थँक्यू म्हणाले, दार लावलं आणि त्या चकचकीत टेबलावर डोकं टेकवून बसले. आंघोळ पुन्हा दुपारवर सरकली. बेल वाजली की पुन्हा दचकायला लागले. त्यातच अण्णांचा फोन. "बाई, येनार हाव का न्हाई तुमी? एक जन क्लासच्या पोरान्ला अभ्यासिका कराया ती खोली मागायलाय. तुमी हाव म्हनलं तर मी त्याला न्हाई म्हनतो." मी म्हटलं, नांदेडहून आल्यावर सांगते. जाताना एसटी लोहा गावाला पोचेपर्यंत, अण्णांना नाहीच म्हणायचं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. तुझ्याशिवाय तिथं बसून करायचं काय? आणि घरी सांगायचं काय?

तुझ्या घरी पांढऱ्या साड्यांतल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. मेणबत्त्या, तुझा हसरा फोटो, भन्तेजींचं पठण. ऋतुजा माझ्या गळ्यात पडली, मी तिची पाठ थोपटत राहिले. जेवणं चालू असताना एक वयस्क बाई माझ्याशेजारी येऊन बसली, निरखून बघितलं आणि म्हणाली, "लातूरच्या का तुमी? अर्चना? त्या नेटवाल्या?" मला कळेचना. तिनं मागे वळून हाक मारली, "अगं, हीच ती, नेटवाली!" आणि चार-पाच जणी सरकून जवळ आल्या.

मग कळलं. विहाराच्या मागच्या खोलीत ह्या बायांचा शिवणक्लास चालतो, आणि नांदेडला गेल्यापासून तू रोज तिथं जाऊन बसायचीस. यंत्रांची खडखड, कापडाच्या चिंध्या, आणि मध्ये तू लॅपटॉप घेऊन. डबा सगळ्यांनी मिळून. सकाळी प्रत्येकीनं एक वाक्य, शिवणाचं सोडून. "पयले आमाला वाटलं, ही बाई काय येडीबिडी हाय का," ती वयस्क बाई म्हणाली, "मंग आमालाच तिच्याबिगर करमंना." मी इतके दिवस जिला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं, ती मजेत चटणी वाढत होती! हे मला का नाही सांगितलंस? मी फुगलेय म्हणून? की मला तिथं बोलावून चकित करायचं होतं? तुझ्या मिस्टरांनाही माहीत नाही. मी त्या अंगणात आधी हसले आणि मग मला रडू आवरेना.

पण त्या बाईनं मला रडू दिलं नाही. खांद्याला धरून हलवलं आणि विचारलं, "मंग, सांगितलं का घरी?" सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझं गुपित अख्ख्या नांदेडच्या शिवणक्लासला ठाऊक! मेल्यावरसुद्धा माणसं पाठवून तगादा लावलास. मी मान हलवली, नाही म्हणून. एक तरुण मुलगी हळूच म्हणाली, "सांगून टाका ना, ताई. त्यांना लई वाटायचं."

काल दुपारी मी दार उघडून बाहेर आले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापत होत्या. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि जे यायचं ते एका दमात बोलून टाकलं. "आई, नेट चांगलंच होतं. पहिल्यापासून. मी तिकडे नेटसाठी जात नव्हते. मला घरात एकटीला बसून धडधडतं. तिकडे माणसं असतात म्हणून जात होते. मला परत जायचंय."

त्यांनी हात थांबवला नाही. "ठावं हाय."

"काय ठावं आहे?"

"नेट चांगलं व्हतं ते. तू गेली की मी दुपारभर मोबाइलवर कीर्तन लावत असते. एकदा सुदिक अडकलं न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "घरात असायचीस तवा दार लावून बसायचीस. मी इकडं, तू तिकडं, मदी दार. तिकडून यायचीस तर बोलत यायचीस. कोन नवरी रडली, त्या पोराला कसा ठसका लागला. मला तरी दिसभर कोन असतं गं बोलाया? म्हनलं, ऱ्हाऊ दे नेट खराब."

अण्णांना फोन करून सांगितलं, खोली कुणाला देऊ नका. इरफानलाही कळवलं. उद्यापासून जाणार आहे, प्रशांतचं टेबलही तिकडेच नेणार आहे, त्याला सांगून. पण बसवत नाहीये ते नाहीच. कारण तू म्हणायचीस, सांगितल्याशिवाय घरच्यांना कळत नाही. मी म्हणायचे, सांगूनही कळणार नाही. आणि आईंना तर न सांगताच सगळं कळलं होतं. म्हणजे आपण दोघीही हरलो, सुजाता. ह्यावर तुझ्याकडे नक्की काहीतरी उलट उत्तर असणार, तू हार मानणारी बाई नव्हेस. कालपासून मी ते शोधतेय, घरभर फिरतेय, आणि मला ते सुचत नाही. तेवढं सांगायला तरी थांबायचं होतंस गं.